नयनचा मुंढा

नववीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात नयन पहिल्यांदा आईच्या कारखान्यात गेली, आणि गेली ती चक्क मॉडेल म्हणून! हसू नका. वर्गातल्या पोरी हसल्याच असत्या, म्हणून तर तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

झालेलं असं, की मानपाड्याच्या पुढे एमआयडीसीत जिथे आई शिलाईला होती, तिथे मुलींच्या कुर्त्या बनायच्या. ढीगभर कापड कापण्याआधी एक कुर्ती नमुन्याला शिवायची आणि जित्याजागत्या माणसाला घालून बघायची. त्या माणसाला म्हणायचं फिट मॉडेल. डबल एक्सेलची नेहमीची समृद्धीताई बाळंतपणाला आंबिवलीला गेलेली. आई साचे काढणाऱ्या मास्तरांना म्हणाली, "माझी पोरगी आहे की. तंतोतंत तेच माप."

"पण मॉडेल काडीसारख्या असतात ना गं?" नयनने रिक्षात तीनदा विचारलं.

"त्या फोटोतल्या. चल, उतर."

आत शिरली आणि नयनचा आ वासला तो वासलेलाच. केवढं ते टेबल, शाळेच्या व्हरांड्याएवढं! त्यावर निळ्या कापडाचे शंभर थर, एकाची कड दुसऱ्याच्या बाहेर नाही. भिंतीभर खिळ्यांना टांगलेले कागदी साचे. आणि कोपऱ्यात शिवणाचे पुतळे, सगळे एकजात बारीक.

"यांना घालून नाही का बघता येत?" तिने विचारलं.

"काचलं तर पुतळा सांगतो का?" गळ्यात टेप अडकवलेले आनंदा मास्तर म्हणाले. "हे बघ पोरी, बरेच जण मीडियमचा साचा घेतात आणि चारी बाजूंनी फुगवतात. झाला डबल एक्सेल! माणूस काय फुगा आहे? मला खरं अंग लागतं. या मापाच्या सहाशे कुर्त्या निघायच्यात, थरामागे सहा. तुला बसेल ते सहाशे पोरींना बसेल."

सहाशे! नयनला वाटलं, आपली उंचीच वाढली.

आईने तिला कुर्ती चढवली. रंग झकास, घेर झकास, पण काखेत मात्र करकचून.

"कसं वाटतंय?"

"बसतंय! मस्त!"

तोंडातून गेलंच. ठाण्याच्या दुकानांत ती हेच शिकलेली. पडद्यापलीकडून सेल्सगर्ल खेकसायची, "हुआ क्या? इससे बडा नहीं आता," की नयन "बसतंय" म्हणून सुटायची. मग तो ड्रेस कपाटात पडून.

मास्तरांनी साच्यावर सही ठोकली. कागद थरांवर अंथरला गेला. कटिंगवाल्या हितेशने कापायचं मशीन चालू केलं आणि वीतभर उंचीचं पातं थरथरायला लागलं.

नयन कागदाकडे बघत राहिली. बाही जिथे जोडतात ती गोल रेघ, मुंढा, काचत होता तो तिथेच. सहाशे पडद्यांमागे सहाशे पोरी हात वर करणार, काखेत काचणार, आणि प्रत्येकीला वाटणार, माझाच दंड जाड. पण आता बोललं तर? आईने एवढ्या भरवशाने आणलेलं. मास्तर आईलाच झापतील.

पातं कापडाला टेकलं.

"थांबा!"

"ए बाई! बोट जाईल ना माझं!" हितेश ओरडला.

"मास्तर, मी खोटं बोलले. काचतंय. फळ्यावर लिहायला हात वर केला तर अख्खी कुर्ती वर येते."

आईचा चेहरा पडला. "अगं नयन, मघाशी काय दातखीळ बसलेली?"

"दुकानात मी असंच सांगते गं."

मास्तरांनी हाताने मशीन बंद करायची खूण केली. मग म्हणाले, "तरीच. तीस वर्षं मला दुकानांकडून एकच निरोप येतो, सगळ्यांना बसतंय. कर हात वर. फळ्यावर लिहितेस तसा."

तिने केला. कापड कुठून ओढलं जातंय ते मास्तर डोळे बारीक करून बघत राहिले, आणि त्यांनी साच्यावर नवी रेघ मारली. फक्त अर्धा इंच खोल! आईने शिवण उसवली, कापून पुन्हा शिवली. नयनने हात वर केला, पुढे केला, गोल फिरवला. कुर्ती जागची हलली नाही. आजवर तिच्या एकाही कपड्यात असं झालेलं नव्हतं.

आता पातं निघालं. नव्या रेघेवरून वळलं आणि शंभर थर एका झटक्यात उघडले. शंभर मुंढे, एकाखाली एक, सगळे तिच्या हाताच्या वळणाचे! नयनच्या अंगावर काटा आला. माप चुकलेलं असतं ते आपलं, असंच ती समजून चाललेली. इथे तर तिच्याच अंगावरून माप निघत होतं.

"मास्तर," ती म्हणाली, "गळ्याचंपण सांगू?"

"बंद कर रे मशीन, हितेश," मास्तर म्हणाले. "ही आज आपल्याला जेवायला सोडत नाय."