बंदुकीवरची अक्षता

एकोणीसशे शहाऐंशी सालच्या डिसेंबरात स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या प्रताप मोहितेइतका पडलेला चेहरा अख्ख्या पेनसिल्व्हेनियात शोधून सापडला नसता. कोणी वारलं नव्हतं, नोकरी शाबूत होती, गाडीसुद्धा थंडीत पहिल्या फटक्यात सुरू होत होती. फक्त हरीण मिळत नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, मराठी माणसाला अमेरिकेत जाऊन हरणाची काय पडली होती? तर तेच सांगतोय, जरा दमानं घ्या.

प्रताप पाटणकडचा. घरी वडिलांची ठासणीची बंदूक होती, रानडुकरं पिकात घुसली की गाव हाका द्यायला बाहेर पडायचं. पण इथं तो युनिव्हर्सिटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनियर, इंचाचा हजारावा भाग मोजून यंत्रं बनवणारा. सहा वर्षांपूर्वी बर्फात त्याची गाडी खड्ड्यात गेली ती नेमकी मर्ल कॉन्फरच्या शेतापाशी. म्हाताऱ्यानं ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली, घरात नेऊन सूप पाजलं आणि निघताना कागदात बांधलेलं हरणाचं मटण हातात ठेवलं. लतिकानं, म्हणजे प्रतापच्या बायकोनं, ते काळ्या मसाल्यात केलं आणि रीतीप्रमाणे भांडं रिकामं परत पाठवायचं नाही म्हणून वाटीभर रस्सा मर्लकडे धाडला. मर्लच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तरी ब्रेडनं वाटी पुसून वर विचारतोय, अजून आहे का? तिथून जे जमलं ते जमलं.

पुढच्या हंगामापासून मर्ल त्याला शेतामागच्या डोंगरावर नेऊ लागला. नरांचा हंगाम दोन आठवड्यांचा, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू, रविवारी सुट्टी. आपल्या बापाची, लिव्हर ओढून गोळी भरायची जुनी रायफल त्यानं प्रतापच्या हवाली केली. घरीच ठेव म्हणाला, हाताची सवय राहू दे. पाच वर्षांत प्रतापला एक हरीण मिळालं, तेही जेमतेम शिंगं फुटलेलं. मर्लला मात्र दरवर्षी मिळायचं, आणि दरवर्षी तो ते बरोबर मधोमध वाटायचा. प्रताप संकोचला की म्हणायचा, "डोंगर चढलास ना माझ्याबरोबर? मग अर्धं तुझं." पाटणलाही हीच रीत, नुसता डबा वाजवत धावणाऱ्यालासुद्धा वाटा मिळायचा. त्या वाक्यानं प्रतापला परक्या मुलखात जेवढं घरचं वाटलं तेवढं अमेरिकेच्या पासपोर्टानंही वाटलं नव्हतं.

यंदा सप्टेंबरअखेर मर्लचं बायपास झालं. ऑपरेशन उत्तम, डॉक्टर खूश, पण माणूस खुर्चीत बसला तो बसलाच. त्याची बायको डोरिस फोनवर एकदा स्पष्टच बोलली. रोज थोडं थोडं चालायला सांगितलंय, पण हा बाथरूमपर्यंत जातो आणि परत खिडकीपाशी येऊन बसतो. खिडकीतून दिसायचं काय, तर गोठ्यापाशी दोन मेपलांच्या मध्ये आडवी बांधलेली बल्ली. चाळीस वर्षं दर हंगामात तिच्यावर हरीण टांगलेलं असायचं. डोरिस म्हणाली, मला भीती वाटते, हा त्या खुर्चीतच संपेल.

प्रतापनं फोन ठेवला आणि मनाशी ठरवलं, यंदा त्या बल्लीवर हरीण टांगायचं ते आपण. ते बघून म्हातारा एकदा तरी उठून बाहेर येईल. लतिकानं थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतच खोबरं-कांदा भाजून वाटण करून ठेवलं. डबा फ्रीजरमध्ये गेला. बाजारात तुरी, दुसरं काय!

पहिल्याच सोमवारी नशीब उघडलं असं वाटलं. आठ टोकांच्या शिंगांचा नर, पन्नास पावलांवर, आडवा उभा. प्रतापनं श्वास रोखून नेम धरला, गोळी झाडली, आणि नर शेपूट उंचावून चालता झाला. दोन तास तो पाचोळ्यात रक्ताचा थेंब शोधत फिरला. थेंब नव्हता, केस नव्हता. शनिवारी दुसरा नर आला, जरा लहान. पुन्हा तेच. दुसऱ्या आठवड्यात तर पावसानं आणि धुक्यानं असा ताळ सोडला की समोरचं झाड दिसेना, नर कुठला दिसायला! प्रताप सकाळी दोन तास रजा काढून डोंगरावर जायचा आणि ओल्या बुटांनी हात हलवत परत यायचा.

मधल्या रविवारी मराठी मंडळींची जेवणं होती. तिथं नरेंद्रनं, म्हणजे प्रतापच्या नागपूरच्या दोस्तानं, सगळ्यांदेखत विचारलं, यार, ती हरणं तुला ओळखायला लागलीत म्हणे, हात करतात का? प्रताप हसला, पण घरी आल्यावर जेवला नाही. नेम चुकल्याचं दुःख नव्हतं एवढं. रोज डोंगरावरून उतरताना मर्लच्या खिडकीवरून जावं लागायचं आणि म्हातारा हात वर करायचा, ते सलायचं.

आता कुणीही शहाणा म्हणेल, दोनदा नेम चुकला तर बंदूक तपासावी. पण प्रतापच्या कानात वडील बसलेले. लहानपणी चुकलेल्या प्रत्येक दगडामागे त्यांचं एकच, नाचता येईना अंगण वाकडं. शिवाय बंदूक मर्लच्या बापाची. ज्यानं आपल्याला दिली, तो खुर्चीत खचलेला असताना त्याच्याच बंदुकीत खोट काढायची? छे! आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला, मर्ल धडधाकट असताना, दोघांनी मागच्या शेतात पुठ्ठा लावून नेम पक्का करून घेतलाच होता. म्हणजे दोष आपला. इंचाचा हजारावा भाग मोजणारा माणूस, पण हे एक मोजायचं राहिलं.

शेवटच्या शुक्रवारी दुपारी प्रतापनं हाय खाल्ली. रायफल घेतली आणि मर्लकडे परत द्यायला निघाला. रस्ताभर तो वाक्यं जुळवत होता. मर्लच्या समोर उभं राहिल्यावर मात्र एवढंच म्हणाला की माझ्यानं होत नाही, मर्ल, मला माफ कर.

मर्लनं रायफल मांडीवर घेतली, रिकामी आहे ना ते बघितलं आणि जुन्या सवयीनं फडक्यानं नळी पुसायला लागला. पुसता पुसता त्याचा हात थांबला. नळीवर नेम धरायची जी मागची खाच असते, तिची पट्टी वरखाली करायला खाली छोट्या पायऱ्या असतात. मर्लनं चष्मा कपाळावरून खाली ओढला, खिशातला चाकू काढला आणि पट्टीखाली टोक घालून हळूच उचकटलं. त्याच्या तळहातावर तांदळाचा एक दाणा पडला, लाल.

"हे काय आहे, प्रॅट?" मर्लनं विचारलं. प्रताप हे नाव त्याला सहा वर्षांत जमलं नव्हतं.

प्रतापच्या तोंडचं पाणी पळालं. ऑक्टोबरात खंडेनवमी झाली होती. लतिकानं पाटावर सगळी हत्यारं मांडली होती, त्याचा मायक्रोमीटर, व्हर्नियर, आपलं शिवणयंत्र, आणि मधोमध ही रायफल. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, मूठभर अक्षता टाकल्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानंच सगळं पुसून ठेवलं होतं. एक दाणा मात्र ओल्या कुंकवासकट पट्टीखाली सरकून तिथंच वाळला होता आणि तेवढ्यानं खाच उंच झाली होती. दोन्ही गोळ्या दोन्ही नरांच्या पाठीवरून वीतभर उंच गेल्या होत्या. सप्टेंबरचा नेम पक्का, ऑक्टोबरात देवाची कृपा, डिसेंबरात बोंब!

लाजेनं त्याचे कान तापले. लतिकाचा असा राग आला की तिथूनच फोन करून झाडावी. पण मर्ल उत्तराची वाट बघत होता. प्रतापनं अडखळत सांगितलं, "आमच्यात वर्षातून एक दिवस असतो. ज्या वस्तूंच्या जिवावर आपण खातो, त्यांचे आभार मानायचे. माझ्या बायकोनं तुझ्या बंदुकीचे मानले. त्यातला दाणा राहिला."

मर्लनं दाणा बोटानं उलटापालटा केला. मग म्हणाला, "माझ्या बापानं ही अडतीस साली घेतली. अठ्ठेचाळीस वर्षं हिनं आम्हाला खाऊ घातलं. आम्ही हिला तेल दिलं. आभार कधी मानले नाहीत."

आणि मग त्याचे खांदे हलायला लागले. प्रताप घाबरला, वाटलं छातीत कळ आली. पण म्हातारा हसत होता. ऑपरेशननंतर खोकताना धरायला दिलेली उशी छातीशी कवटाळून, डोळे मिटून, गदगदा हसत होता. डोरिस पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थबकली. सप्टेंबरपासून या घरात तो आवाज झालाच नव्हता.

हसू ओसरल्यावर मर्ल म्हणाला, माझे बूट आण. डोरिसला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तो म्हणाला, खाच हलली की नेम परत बांधावा लागतो, आणि या पोराला एकट्याला ते जमायचं नाही. कोट चढवून, काठी घेऊन, मध्ये तीनदा थांबत तो मागच्या शेतातल्या कुंपणापर्यंत गेला. दोनशे पावलं असतील. गवताच्या गठ्ठ्यावर बसून, दुर्बीण डोळ्याला लावून त्यानं प्रतापकडून तीन गोळ्या झाडून घेतल्या. तिसरी पुठ्ठ्याच्या मधोमध बसली. डोरिस खिडकीत उभी राहून अॅप्रननं डोळे पुसत होती, ते फक्त प्रतापला दिसलं.

रात्रीत बर्फ पडलं. शनिवार, नरांच्या हंगामाचा शेवटचा दिवस. प्रताप पहाटेच मर्लच्या नेहमीच्या ओकच्या झाडाखाली जाऊन बसला. राग कुठं गेला कोण जाणे, मन स्वच्छ झालं होतं. दुपारी एक मादी दोन पिल्लांना घेऊन इतक्या जवळून गेली की तिच्या नाकातली वाफ दिसली. मादीवर गोळी चालवायची तर तिचा हंगाम सोमवारी सुरू व्हायचा होता, आणि तसंही प्रतापला नुसतं बघतच राहावंसं वाटत होतं. चारच्या सुमाराला वरच्या झाडीत शिंगं हलली. त्यानं रायफल उचलली. खाच बरोबर, नळीच्या टोकाची माशी बरोबर, पण मध्ये फांद्यांचं जाळं आणि नराचं नुसतं डोकं दिसतंय. मर्लचा पहिला धडा हाच होता, खात्री नसेल तर घोड्यावरून बोट बाहेर. प्रतापनं बोट बाहेर काढलं. नर पलीकडच्या उतारावर निघून गेला. थोड्या वेळानं तिकडून कुणाची तरी गोळी वाजली, एकच. मग शिकारीची वेळ संपली.

त्यानं रायफल रिकामी केली आणि उतरायला लागला. डोळे भरून आले होते, ते थंडीनं असं त्यानं स्वतःला सांगून बघितलं, पटलं नाही. बल्ली रिकामी ती रिकामीच.

डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्यावरच्या फळीपाशी, बर्फात एक भडक केशरी टोपी उभी होती. मर्ल! एका हातात काठी, दुसऱ्या हातात घसरगाडीची दोरी, शिकार ओढून आणायची ती गाडी, आणि गळ्याला डोरिसचा मफलर. त्यानं लांबूनच विचारलं, "गोळी ऐकली. म्हटलं तुला एकट्याला ओढवायचं नाही. कुठं पडलाय?"

"ती माझी नव्हती, मर्ल. मला नाही मिळाला."

मर्लनं मान डोलावली. मग तो वळला, आणि त्याला घराचा दिवा दिसला. शेताच्या पार टोकाला, अर्ध्या मैलावर, लहानसा.

"एवढ्या लांब आलो मी?" तो म्हणाला.

तेव्हा प्रतापला समजलं, हरणावाचूनच म्हातारा उठून बाहेर आला होता. रिकाम्या डोंगराबद्दल, चुकलेल्या दोन्ही गोळ्यांबद्दल, लतिकाच्या त्या ओल्या कुंकवाबद्दल त्याला एकदम इतकं कृतज्ञ वाटलं की कुणाच्या पाया पडावं ते कळेना. मर्लचे पाय आता लटपटत होते. प्रतापनं गाडीवरचं बर्फ झटकलं, हात धरून त्याला वर बसवलं, रायफल त्याच्या मांडीवर दिली आणि दोरी खांद्यावर घेतली. मर्लनं दोन शिव्या घातल्या, पण बसला.

अंधार पडता पडता डोरिसला खिडकीतून दिसलं की प्रताप वाकून काहीतरी जड ओढत आणतोय. ती तशीच टांगायचा दोर घेऊन अंगणात धावली आणि ओरडून विचारलं, केवढा आहे?

"एकशे सत्तर पौंड," गाडीवरून उत्तर आलं. "शिंगं नाहीत."

मर्लनं बूट स्वतःच्या हातानं काढले आणि सोमवारी मादीच्या हंगामाला कुठं बसायचं याचा बेत टेबलावर मिठाच्या बरण्या मांडून सुरू केला. प्रतापनं घरी फोन लावला. लतिकानं आधी विचारलं ते हेच, मिळालं का?

"घरी आल्यावर सांगतो. नाहीतर असं कर, तूच इकडे ये, येताना वाटणाचा डबा घेऊन ये," प्रताप म्हणाला. "डोरिसकडे बटाटे आहेत."