पाठीमागचं बोलणं

प्रेमराजनाना गव्हाच्या कोठीत डोकं घालून उभे होते. डोक्यावरून कोठीवर गोधडी पांघरलेली. आत गव्हात अर्धा पुरलेला मोबाईल उजेड फेकत होता आणि त्याच्या पडद्यावर हिरव्या-जांभळ्या काड्या वरखाली नाचत होत्या.

नानांना ऐकू येत नव्हतं, पण आवाज कुठे असतो आणि कुठे नसतो एवढं त्यांना कळत होतं. पंखा बंद होता. खिडक्या लावलेल्या होत्या. टीव्हीची पिन काढलेली होती. प्रमिलाबाईंना त्यांनी खुणेनंच खाटेवर बसवून ठेवलं होतं. मग या काड्या कशाच्या जोरावर नाचतायत?

त्यांनी गोधडी बाजूला केली, मोबाईल काढला, शर्टाला पुसला.

"खोटारडं शे," ते म्हणाले, आणि बोट दाबून आवाज दाखवणारं ते अ‍ॅप काढून टाकलं.

प्रमिलाबाई समोर आल्या. नानांशी बोलायचं तर समोर येऊन, तोंड नीट उघडून, एकेक शब्द सुटा करून बोलावं लागे.

"काय करी राह्यनात?"

"काही नई."

"जेवा."

"हां."

गेल्या काही वर्षांत त्या दोघांचं बोलणं एवढंच उरलं होतं. जेवा, उठा, औषध घ्या, दूधवाला आला. नानांच्या वडिलांचे कानही साठीनंतर असेच गेले होते, त्यामुळे कुणाला दोष द्यायची सोय नव्हती. कानात घालायचं यंत्र मुलानं, हेमराजनं आणून दिलं होतं. त्यातून नुसता पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज यायचा. ते कपाटात पडलं.

या अ‍ॅपच्या नादाला नाना लागले ते निंबामुळे. निंबा त्यांचा नोकरीतला जुना सोबती. दोघं दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत शेजारी राहिले, निवृत्तीनंतर दोघांनी जळगावात घरं घेतली, तीही दोन गल्ल्यांच्या अंतरानं. निंबा भजनी मंडळात पेटी वाजवायचा. पेटीचा सूर उतरला की चढला हे बघायला त्यानं मोबाईलमध्ये एक अ‍ॅप घेतलं होतं. पट्टी दाबली की पडद्यावर रेघ उठायची.

नाना त्या रेघेकडे एकटक बघत राहिले होते. आयुष्यभर त्यांनी वीज केंद्रात यंत्रांसमोरच्या तबकड्या वाचल्या होत्या. आवाजाची अशी रेघ असते हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी निंबा समोर बसून सहज बोलून गेला, "वहिनी दुपारले कोनशी बोलस रे?"

"कवय?"

"काल मी तुन्हाकडे उन्था. तू झपेल व्हता. वहिनी घरमा बोली राह्यनी व्हती. लई येळ. म्हनीसन मी दार ठोकं नई, मांगे फिरनू."

"कोन उनं व्हतं?"

"माले काय माहीत. दुसरा आवाज नई उना."

म्हणजे फोनवर. नाना घरी आले ते ही गाठ मनात घेऊनच. प्रमिलाबाई न्हाणीत गेल्यावर त्यांनी बायकोचा बटणांचा फोन उचलून पाहिला. त्यात हेमराजचा एक फोन होता, तोही चार दिवसांपूर्वीचा. मग ती बोलते कुठल्या फोनवरून? तिच्याकडे दुसरा फोन आहे का? कुणी दिला?

एकदा संशय शिरला की त्याला घरात जागोजागी बसायला पाट मिळतो. हेमराज धुळ्याला नोकरीला. मागच्या रविवारी तो म्हणाला होता, नाना, इथं दोघंच कशाला राहता, धुळ्याला चला. नानांनी मान हलवली होती. त्यानंतर सूनबाई रूपा आणि प्रमिलाबाई स्वयंपाकघरात कितीतरी वेळ एकमेकींच्या जवळ उभ्या होत्या. नाना आत गेल्यावर दोघी गप्प झाल्या होत्या. आता ते सगळं नव्यानं आठवायला लागलं.

म्हणून नाना अ‍ॅप निवडायला बसले, पण कुणावर विश्वास ठेवून निवडावं? पहिलं अ‍ॅप उतरवताच विचारू लागलं, तुमच्या ओळखीच्यांचे नंबर बघू का? तुम्ही कुठे आहात ते बघू का? आवाज दाखवायला यांना माझे नंबर कशाला? ते गेलं. दुसरं नुसत्या जाहिरातींचं. रेघ उठायच्या आत गुडघेदुखीचं तेल यायचं. तिसरं ते काड्या नाचवणारं. त्याला गव्हात पुरून पाहिलं तरी ते नाचायचं थांबलं नाही.

चौथं मात्र कोठीत घातल्यावर शांत पडलं. पडदा काळाभोर. नानांनी कोठीला बोटानं टिचकी मारली, तेवढी एक रेघ उमटली आणि विझली. नाना गोधडीखाली पहिल्यांदा हसले.

मग त्यांनी घराचे आवाज शिकून घेतले. मिक्सर लावला की पडद्यावर जाड भिंत उभी राहायची. कुकरच्या शिट्टीची वर उंचावर पांढरी चीर पडायची. नळाचं पाणी म्हणजे धुकं. आणि माणसाचं बोलणं सगळ्यांत वेगळं, एकावर एक अशा वाकड्या पट्ट्या, मध्ये श्वासाएवढी मोकळी जागा, पुन्हा पट्ट्या. ते अ‍ॅप मागचा तासभर साठवूनही ठेवायचं. दुपारी झोपताना नानांनी ते चालू करून मोबाईल उशाला ठेवला.

उठून पाहिलं तर पट्ट्याच पट्ट्या. कुकर नाही, टीव्ही नाही. बाई बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती. दुसऱ्या दिवशीही तेच. आणि तिसऱ्या दिवशीही.

बोलतेय हे दिसलं. काय बोलतेय ते दिसेना. नानांना जेवण जाईना.

तेव्हा त्यांना हेमराजनं घालून दिलेलं दुसरं एक अ‍ॅप आठवलं. समोरच्याचं बोलणं मराठीत लिहून दाखवणारं. नानांनी ते कधी उघडलं नव्हतं. आपल्या घरातलं बोलणं कुठल्या परक्या ठिकाणी जाऊन लिहून येतं आणि तिथं कोण ते वाचतं, हे त्यांना पटत नव्हतं. शिवाय ते हेमराजनं दिलेलं. पण आता इलाज नव्हता.

दुपारी डोळे मिटून पडताना त्यांनी ते चालू केलं. उठल्यावर वाचलं. बरंच काही तुटलेलं होतं, पण जे होतं ते त्यांनी दोनदा वाचलं.

'घर रिकामं शेठ. कोण ले सांगू. मन मा शेठ. हेमराज म्हणस ते बरोबर शेठ.'

शेठ. कोण शेठ? ओळीओळीला शेठ. रिकाम्या घराशी त्याचा काय संबंध? नानांना सगळं लख्ख दिसायला लागलं. घर बघून गेलेला कुणीतरी शेठ. हेमराजनं आणलेला. आणि ही त्याच्याशी बोलते, आपण घोरत असताना, आपल्या उशाशी.

रविवारी हेमराज आणि रूपा आले. नानांनी जेवणं होऊ दिली. मग मोबाईल हातात धरला, अ‍ॅप चालू केलं. पोरगा काय उत्तर देतो ते डोळ्यांनी वाचायचं होतं, तोंडावर विश्वास नव्हता.

"हेमराज, हाऊ शेठ कोन शे?"

हेमराजनं रूपाकडे पाहिलं. रूपानं सासूकडे.

"कुठला शेठ, नाना?"

"घर कोनले दाखाडं तू? माले बठ्ठं माहीत शे."

"नाना, घर मी कुणालाच दाखवलेलं नाही. तुम्हाला यायचं नसेल तर नका येऊ. एकदा विचारलं, पुन्हा विचारणार नाही."

प्रमिलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा कोरा होता, काही समजत नसलेल्या माणसाचा.

नानांनी पडद्याकडे पाहिलं. हेमराजचं बोलणं तिथं नीट उतरलं होतं, तो शाळेतलं मराठी बोलायचा. त्याच्या वर नानांचं स्वतःचं वाक्य होतं.

'हा ऊ शेठ कोण शेठ. घर कोण ले दाखड तू. माळे बटाटे माहीत शेठ.'

नानांनी ते पुन्हा वाचलं. त्या अ‍ॅपला खानदेशी येत नव्हती. 'बठ्ठं', म्हणजे सगळं, त्याचे बटाटे झाले होते, आणि 'शे' म्हटलं की ते 'शेठ' लिहीत होतं. शेठ कुणी नव्हताच. घर रिकामं शे, एवढंच ती म्हणाली होती. आहे. रिकामं आहे.

त्यांनी मोबाईल खिशात टाकला. "काही नई," ते म्हणाले. "जुनं काही याद उनं." निघताना पाया पडून हेमराजनं त्यांचा हात जरा जास्त दाबला.

शेठ गेला, पण प्रश्न राहिलाच. ती बोलत होती हे तर खरं. कोणाशी?

सोमवारी दुपारी नाना झोपले नाहीत. स्वयंपाकघराकडे पाठ करून खुर्चीत बसले, पेपर उघडला, पेपराच्या घडीत मोबाईल ठेवला. प्रमिलाबाई मागे मेथी निवडायला बसल्या होत्या. थोडा वेळ पडदा रिकामा होता. मग अक्षरं यायला लागली. नाना ती मनात दुरुस्त करत, शेठ काढून टाकत, वाचू लागले. आता ते बोलणं त्यांना त्यांच्या गावच्या बोलीत दिसत होतं.

"रातपाळीवरून उनात का दिनले तुमले झोप लागाले पाहिजे. म्हनीसन मी कुकरनी शिट्टी काढी ठेवू. हेमराज रडना का त्याले लई मांगे कपडा वाळत घालाना तठे जाई बसू. लोक म्हनेत, तुमना घरमा मानसं ऱ्हातस का नई?"

नानांनी पेपरचं पान उलटलं. हात आपोआप हलला. वसाहतीतल्या त्या क्वार्टरमध्ये ते रात्रपाळीहून येत आणि पडदे ओढून झोपत. घर शांत असायचं. त्यांना वाटायचं, घरं अशीच शांत असतात.

"मन्ही माय गयी, तवय निरोप दुपारले उना. तुम्ही झपेल व्हतात. मी न्हानीमा गयी, पदर तोंडमा कोंबा, नी बठ्ठं रडनं तठेच रडी लिधं. तुम्ही उठनात तवय चहा दिधा. मंग सांगं. तुम्ही इचारं, कवय समजनं? मी सांगं, आत्तेच."

पडद्यावर मोकळी जागा राहिली. मग एक ओळ आली.

"आते तुमले ऐकू येत नई. आते बोलाले काय हरकत शे."

तो दिवस नानांना आठवत होता. ती सांगताना रडली नव्हती. तिच्या माहेरी, धरणगावला जाणाऱ्या एसटीतही नाही. तेव्हा त्यांनी निंबाला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, मन्ही बायको धीरनी शे.

मान वळवावीशी वाटली. खुर्चीचा हात त्यांनी धरून ठेवला. ती हे सगळं आपल्यालाच सांगत होती, पण आपण ऐकत नाही या भरवशावर. वळलो की ती उठेल, समोर येईल, तोंड नीट उघडून म्हणेल, काय पाहिजे?

अ‍ॅपनं विचारलं, हे संभाषण जतन करायचं का? नानांनी नाही म्हटलं. मग ते अ‍ॅप काढून टाकलं. थोडा वेळ थांबून ते पट्ट्या दाखवणारं, गव्हात शांत पडलेलं, खरं बोलणारं अ‍ॅपही काढून टाकलं.

संध्याकाळी निंबा भेटला. तोंड मोठं उघडून त्यानं विचारलं, "समजनं का, वहिनी कोनशी बोलस?"

"रेडिओ शे," नाना म्हणाले. "जुना रेडिओ लावस ती."

दुसऱ्या दिवशी मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला लावून नाना बाहेर आले. खुर्ची त्यांनी थोडी मागे ओढली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ, आणि पाठ करून बसले. मागे प्रमिलाबाई बसल्या असाव्यात. बोलतही असाव्यात. समोरच्या भिंतीवरचं ऊन सरकत खाली आलं, फरशीवर उतरलं. चहाची वेळ झाली. रोज ते उठून आत जात आणि बोटानं खूण करून चहा मागत. आज त्यांना कळायला काहीच मार्ग नव्हता, तिचं बोलणं संपलं आहे की अजून चालू आहे. म्हणून ते उठले नाहीत.