गिअरबॉक्समधली माय

सकाळीच लातूरच्या आमच्या क्लासच्या आवारात गर्दी उसळली होती. नीटची तयारी करणारी मुलं पेनं घेऊन रांगेत, पालकांच्या हातात नारळ, आणि मधोमध हार घातलेली एक ऑटोमॅटिक गाडी. गाडी क्लासचे मालक मल्लिकार्जुन सरांची. सर रसायनशास्त्राचे नामांकित शिक्षक, आणि ते बोनेटपुढे साष्टांग पडले होते. मी तिथे जीवशास्त्र शिकवतो. माणसाचा कणा इतका लवतो, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

गाडी औशाच्या पुढे गेली की एकाच गिअरात अडकायची. इंजिन नुसतं बोंबलायचं, वेग वाढायचा नाही. उदगीरहून आलेल्या श्रीमंत नावाच्या महाराजांनी निदान केलं होतं, "ड्रायवरची माय भूकंपात गेली ना? तीच गाडीत बसलीय. किल्लारीकडं तोंड झालं की धरून ठिवते. आधी ड्रायवर हाकला."

ड्रायव्हर रामकिशन त्या भूकंपात पोरका झालेला. सरांनी त्याला खरंच काढून टाकलं. तो फाटकाबाहेर उभा राहून मला विचारत होता, "सर, मायचं काही करायचं ऱ्हायलं असंल का हो माझ्याकडून?"

आत महाराज पुटपुटले. शिष्यानं बोनेट उघडून बॅटरीला काळा दोरा बांधला. सरांनी गाडी रस्त्यावर काढून एक फेरी मारली. गिअर लोण्यासारखे बदलले! जयजयकार झाला. पोरं गाडीला पेनं टेकवू लागली.

तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल शिकवणाऱ्या पंचशीला मॅडम लेकीला क्लासला सोडायला आल्या होत्या. गर्दीतून सगळी हकिकत ऐकून त्या पुढे झाल्या.

"महाराज, दोरा बांधायला बॅटरीची वायर कशाला काढली?"

"लोखंडातला जीव मोकळा करावा लागतो, बाई. तुमच्या पुस्तकात न्हाई ते."

"बरं. आता मी भूत बोलावते, तुम्ही घालवा. मंत्र हवे तेवढे म्हणा, वायरला मात्र हात लावायचा नाही."

सरांना विचारून त्यांनी बोनेटखाली हात घातला आणि गिअरबॉक्सकडे जाणारा वायरचा जोड उपसला. गाडी सुरू केली, तर डॅशबोर्डवरचा बिघाडाचा दिवा लागला आणि गाडी एकाच गिअरात कण्हू लागली. महाराजांनी लिंबं कापली, अंगारा फुंकला, घाम पुसला. दिवा ढिम्म. शेवटी म्हणाले, "बाई नास्तिक हाय. देव रुसला."

मॅडमनी जोड बसवला, बॅटरीची वायर काढून परत लावली. दिवा विझला. "गेलं भूत. मला तर साधी आरतीही येत नाही."

मग त्यांनी मुलांना सांगितलं, "गिअर बदलण्यासाठी तेलाची वाट उघडझाप करणाऱ्या विजेच्या झडपा असतात, त्यांना सोलेनॉइड म्हणतात. यातल्या एकीची तार आतून तुटत आली असणार. थंड असताना टोकं टेकतात. औशापर्यंत तेल तापतं, टोकं फाकतात, वीज थांबते. मग गाडीतला संगणक गिअरबॉक्स वाचवायला एकच गिअर धरतो. बॅटरीची वायर काढली की तो हा बिघाड विसरतो. तेल पुन्हा तापेपर्यंत गाडी छान चालते, आणि तेवढ्यात महाराज उदगीर गाठतात."

पोरं खो खो हसली. महाराज चप्पल शोधू लागले.

दुपारी वर्कशॉपात गाडी तापवून मॅडमनी मीटर लावला. एक झडप सोडून बाकी सगळ्यांतून वीज जात होती. ती झडप बदलली, काळवंडलेलं तेलही बदललं. मग सरांनी रामकिशनला बोलावून किल्ली परत दिली, स्वतः माझ्याशेजारी मागं बसले आणि त्यानं गाडी थेट किल्लारीच्या जुन्या गावठाणावर नेली. तिथे ती थांबली, ती त्यानं ब्रेक लावला म्हणून.

तो उतरला, घराच्या जागेला हात जोडले. म्हणाला, "माझी माय यष्टीत बसली की वकायची, सर. ती कशाला गिअरात बसंल?"

सरांना मान वर करवेना.

भूकंपाच्या त्या पहाटे माणसं मेली ती दगडमातीच्या जड भिंतींखाली. त्यालाही कारण होतं. ते शोधलं, म्हणून पुढची घरं वेगळी बांधता आली. मेलेल्यांची बदनामी करून पोट भरणाऱ्याच्या पाया पडण्याआधी एवढंच विचारा: हे कशामुळे झालं, आणि आमच्यासमोर पुन्हा करून दाखवता का? उत्तराऐवजी अंगारा मिळाला, तर त्याला सरळ दार दाखवा.