पाठ फिरवणारा देव

देवळासमोरच्या मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. चौरंगावरचा वीतभर उंचीचा पितळी देव, कुणी बोटही न लावता, स्वतःभोवती फिरत होता. "देव कुणाचा मामा नाही, मेहुणा नाही!" चुडामण महाराज एक हात आभाळाकडे आणि दुसरा झोळीत घालून गर्जत होते. "पुण्यवानाकडे तोंड, पाप्याकडे पाठ! समोर या, निकाल घ्या!"

धुळ्याहून कॅमेरा घेऊन आलेली नूतन कडेला उभी राहून हे पाहत होती. तिची फुई, म्हणजे सख्खी आत्या भिकुबाई, चौरंगासमोर गेली. देव सावकाश वळला आणि तिच्याकडे पाठ करून थांबला. लोकांनी कानाला हात लावले.

भिकुबाईचा गुन्हा एवढाच, की तिनं एकदा भर मांडवात विचारलं होतं, "महाराज, आम्हना देव आजवर कधी फिरना नही, तुम्ही गावमा उनात तव्हयच कसा फिराले लागना?" तेव्हापासून देवानं तिच्याकडे पाठ केली, आणि देवामागोमाग गावानंही. ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे खानदेशी पापड, थापायच्या तर गल्लीतल्या बाया मिळून बसतात, एकटीचं ते काम नव्हे. आता तिच्या अंगणात कुणी फिरकत नव्हतं. शेजारची लताबाईसुद्धा नाही, जिची सकाळ भिकुबाईच्या चहाशिवाय उजाडत नसे. बिबड्यांचा धंदा बसायला आला होता.

"मी काय पाप करं वं, माय?" घरी येताच फुईनं डोळ्यांना पदर लावला. नूतनला महाराजांचा असा राग आला की ट्रायपॉड घेऊनच धावून जावंसं वाटलं.

"रडू नको, फुई. बिबड्या ऑनलाइन विकू. आधी फोटो काढू."

मांडवाला लागूनच असलेल्या फुईच्या घराच्या पडवीत तिनं मांडामांड केली. मागे पांढरी चादर ताणली, स्टुलावर फिरती तबकडी ठेवली, तिच्या बरोबर मधोमध बिबड्यांचं पाकीट. मध्य चुकला तर फिरताना पाकीट डुलतं. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवला आणि फोकस एकदा धरून तिथंच कायम केला.

"बिबडी चारी बाजूनी सारखीच शे," फुई रडता रडता म्हणाली, "ती फिरावानी कसाले?"

नूतननं हसत रिमोटचं बटण दाबलं. पाकीट फिरू लागलं. तेवढ्यात कुडापलीकडून आरोळी उठली, "देव फिरना! देव फिरना!"

तिनं थांबवलं. "देव थांबना!"

पुन्हा दाबलं. "फिरना रे!" आणि त्या गलक्यात महाराजांचा गोंधळलेला आवाज, "अहो, मी अजून... म्हणजे, देवाची इच्छा!"

नूतननं आधी हातातल्या रिमोटकडे पाहिलं, नंतर कुडाकडे. मग फुईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चाल."

मांडवात शिरून नूतन थेट पुढे झाली. "महाराज, झोळीतला हात बाहेर काढा. दोन्ही हात वर."

"देव कोपेल! आता तो हलणारसुद्धा नाही!"

"करा ना वर, महाराज," लताबाई भाबडेपणानं म्हणाली. "देव तुम्हना हातमा थोडाच शे?"

महाराजांचे हात नाइलाजानं वर गेले. नूतननं बटण दाबलं, देव फिरला. थांबवलं, थांबला. तिनं त्याचं तोंड भिकुबाईकडे केलं, आणि पलीकडे उभ्या महाराजांकडे आपोआप पाठ झाली. मांडवात हशा पिकला.

मग तिनं देव अदबीनं उचलून बाजूला ठेवला आणि चौरंगावरचं लाल वस्त्र ओढलं. खाली तिच्याकडे होती तशीच पांढरी तबकडी. "ही आम्ही फोटोवाले वापरतो. पोटात मोटर आणि सेल. एकाच बनावटीच्या स्वस्त तबकड्यांना एकमेकींचे रिमोट चालतात, भिंतीआडूनसुद्धा." महाराज झोळी सावरत निघाले, पण ती लोकांनी पकडली. झटकली तर रिमोट खाली पडला.

"मंग... देवनी पाठ फिराई ती?" लताबाई चाचरली.

"देवनी नही वं," भिकुबाई म्हणाली. "तो बिचारा सेलवर फिरना. तू कसावर फिरनी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लताबाई बोलावल्याशिवाय अंगणात आली, हात धुऊन बिबड्या थापायला बसली. भिकुबाईनं चहा टाकला.

तुमच्या गावात एखादा देव फिरू लागला तर हात खुशाल जोडा. पण त्याआधी त्याच्याखालचं वस्त्र उचलून पाहा, आणि तोवर शेजारणीकडे पाठ फिरवू नका.