एकाच कळफलकावरची माणसं

लोक मला आता 'डब्बा' म्हणतात. म्हणोत बापडे. मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि माझी हकिगत सांगायला दुसरं कोणी पुढे येणार नाही, म्हणून मीच सांगतो. तुमच्या हातातल्या चपट्या फोनला जेवढं येतं त्यातलं निम्मंही मला कधी आलं नाही. पण एकदा अशी वेळ आली, की एक खरी गोष्ट गावाबाहेर कोणालाच ठाऊक नव्हती. मला होती, आणि मला ती सांगता येत नव्हती.

माझा जन्म १९९९ सालचा, गोंदिया शहरातला. मोठ्या कारखान्यातला नाही, बाजारातल्या एका छोट्या दुकानातला. भूपेंद्र नावाच्या तरुण मेकॅनिकनं सुटे भाग आणून मला जोडलं. पडद्यावर उजेड आला तेव्हा तो मालकाला म्हणाला, "लो सेठ, चल पड़ा." तिथून मी एका राइस मिलच्या ऑफिसात गेलो. काय कौतुक होतं माझं तेव्हा! माझ्यासाठी वेगळी खोली, वेगळा पंखा, अंगावर भरतकाम केलेलं कापड. दसऱ्याला मला हळदकुंकू लागायचं. चप्पल बाहेर काढल्याशिवाय माझ्याजवळ कोणाला येऊ देत नसत. धानाचा कोंडा मात्र चप्पल बघून येत नाही. तो माझ्या पोटात भरत गेला आणि माझा आतला पंखा दमेकऱ्यासारखा घरघरू लागला. मग नवा संगणक आला, आणि मला बारदान्याच्या ढिगामागे टाकून दिलं. तिथे मी किती वर्षं पडून होतो ते विचारू नका. उंदरांनी माझी एक वायर कुरतडली. एकदाही कोणी माझी आठवण काढली नाही, याचं मला वाईट वाटलं, ते मी लपवत नाही.

भंगारात जायची वेळ आली तेव्हा मला पुन्हा भूपेंद्रनंच ओळखलं. आता त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते. त्यानं मला पुसलं, झाडलं, पोटातला कोंडा काढला आणि खैरटोल्याच्या अल्काताईला देऊन टाकलं. खैरटोला हे कामठ्याच्या पलीकडचं लहानसं गाव. तिथल्या बुद्धविहाराला लागून एका खोलीत वाचनालय आहे. अल्काताई ते बिनपगारी चालवायची. बारावी झालेली, धानाच्या रोवणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे शेतात, राबणारी, आणि संध्याकाळी हातपाय धुऊन वाचनालयाचं कुलूप काढणारी. तिनं माझ्यात इंटरनेटचं एक डोंगल खोचलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा मला गावाबाहेरचं जग दिसलं.

हे २०११ सालचं. भारनियमनातून वाचलेल्या वेळात अल्काताई काहीबाही वाचत बसायची. एक दिवस तिला मराठीतला तो ज्ञानकोश सापडला, जो कोणीही लिहू शकतो आणि कोणीही सुधारू शकतो. तिनं त्यात आपलं गाव शोधलं. एकच ओळ होती: खैरटोला हे गोंदिया जिल्ह्यातील एक गाव आहे. तिला हसू आलं, मग राग आला. शेजारीच 'संपादन' असं लिहिलं होतं. तिनं घाबरत घाबरत त्यावर टिचकी मारली आणि गावच्या तळ्याबद्दल एक वाक्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तर वाक्य जागच्या जागी! त्या दिवसापासून तिला या कामाचं वेडच लागलं.

आता देवाजीबाबांविषयी सांगतो. हे अल्काताईचे सासरे. ती त्यांना मामाजी म्हणायची. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर खैरटोल्याच्या पोरांनी एक जलसा उभा केला होता. हे सारे बैलगाडीत बसून गावोगाव जायचे, आणि शिका, दारू सोडा, मान खाली घालू नका, हे गाऊन सांगायचे. मंगरू ढोलकी वाजवायचा, देवाजी गायचे. कुठे टाळ्या पडल्या, कुठे गावाबाहेरूनच परत फिरावं लागलं. आता त्या जलशातले एकटे देवाजीबाबाच उरले होते. त्यांचा आवाज बसला होता, पण डोक्यात सारं शाबूत होतं. त्यांना एकच घोर लागला होता. आपण डोळे मिटले की असा जलसा होता हे कोण सांगणार?

म्हणून अल्काताईनं लेख लिहायला घेतला. बाबा माझ्याशेजारी स्टुलावर बसून सांगायचे, ती टंकायची. कोणाचं नाव राहू नये म्हणून ते एकेकाला आठवून आठवून सांगत. लेख पुरा झाला, ज्ञानकोशात गेला, आणि बाबांनी पडद्यावर मंगरूचं नाव बोट लावून वाचलं. ते रात्रशाळेत अक्षरं शिकलेले. एकेक अक्षर सावकाश वाचायचे. त्या दिवशी त्यांच्या तोंडावर जे समाधान होतं ते दसऱ्याच्या हळदकुंकवापेक्षा मला मोठं वाटलं.

पण थोड्याच दिवसांत लेखाच्या डोक्यावर एक पट्टी आली. लेखाला एकही संदर्भ नाही, सबब तो वगळावा असा प्रस्ताव आहे, ज्यांना मत द्यायचं त्यांनी चर्चेत द्यावं.

इथं आमच्या गावाची रीत सांगायला हवी. ग्रामसभेत कोणाचं काम अडलं, तर इथे घरी बसून 'माझा पाठिंबा आहे' म्हणून भागत नाही. जायचं, त्या माणसाच्या मागे उभं राहायचं आणि हात वर करायचा. पौर्णिमेच्या वंदनेला अल्काताईनं विहारात ही गोष्ट काढली, आणि वंदना संपल्यावर अख्खी मंडळी वाचनालयात. तिचा नवरा रत्नपाल पुढे झाला. त्यानं एकेकाचं खातं उघडून दिलं. काय लिहावं हे कोणाला सुचेना, तेव्हा त्यानंच वाक्य घालून दिलं: "लेख ठेवावा. आमचा जलसा खरा आहे." सगळ्यांनी अक्षरशः तेच लिहिलं. एकामागून एक, माझ्याच कळफलकावरून.

मित्रांनो, मला माणसं चेहऱ्यापेक्षा हातांवरून जास्त कळतात. रुक्माबाई, म्हणजे देवाजीबाबांची बायको, बांधीत रोप रोवावं तशी कळ खोलवर दाबायची. शेजारचा शेतकरी श्यामलाल, ज्याच्या बापाची बैलगाडी जलशाला जायची, तो हात धोतराला पुसून मगच मला शिवला. रत्नपाल धडाधडा बडवायचा. आणि देवाजीबाबा एका बोटानं, प्रत्येक अक्षर आधी कळफलकावर शोधून, मग सावकाश दाबत. स्वतःचं नाव टंकून झाल्यावर ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसले. कोणी शपथ घ्यायला सांगितली असती तर मी घेतली असती, की ही सगळी वेगवेगळी माणसं आहेत.

दुसऱ्या दिवशी सगळी खाती बंद झालेली होती. अल्काताईचंही. प्रत्येकाच्या पानावर सूचना होती, की ही एकाच व्यक्तीनं उघडलेली बनावट खाती आहेत. त्यांच्या बाजूनं पाहाल तर चूक काय होती? नवी कोरी खाती, एकाच यंत्राचा पत्ता, एकच वाक्य, काना-मात्रेचाही फरक नाही. लबाडी करणारे असंच करतात म्हणे. दूर बसलेल्या माणसाला खैरटोल्याची ग्रामसभा कुठून दिसणार?

अल्काताई तोंडाला पदर लावून रडली. लेखाचं तिला वाईट वाटलंच, पण खोटारडी ठरलो हे जिव्हारी लागलं. रत्नपाल चिडला. असल्या लोकांच्या नादी लागूच नको, बंद कर तो डब्बा, म्हणाला. देवाजीबाबांनी मात्र सूचना वाचून दाखवायला लावली. ती ऐकून ते हळूच म्हणाले, "अल्का, हे म्हनतेत का देवाजी नावाचा मानूस नाहीच. मंग मी कोन?"

ते कोण, हे मला ठाऊक होतं. पण मला तोंडच नाही. इतके दिवस मी लोकांचं बोलणं इकडून तिकडे पोचवलं, आणि ऐन वेळी माझी साक्ष कोणाच्या कामाची नव्हती. त्या क्षणी मला माझी लाज वाटली.

बाबा मग स्टूल पुढे ओढून सूचना स्वतः वाचू लागले. पडद्याला बोट लावून, एकेक अक्षर. अल्काताईनं पहिल्या दोन ओळींनंतर रडून सोडलेलं ते पान त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. अगदी तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की खातं बंद असलं तरी स्वतःच्या चर्चापानावर लिहिता येतं, आणि तिथे 'मदत हवी' अशी खूण केली तर कोणीतरी जुना संपादक येऊन पाहील.

"मांग ना मंग मदत," बाबा म्हणाले. "मदत मांगायले लाज कायची?"

अल्काताईनं लिहिलं. पहिल्यांदा रागारागात लिहिलं, ते खोडलं. मग साधंच लिहिलं: आम्ही वेगवेगळी माणसं आहोत, गावात संगणक एकच आहे, आमचं काय चुकलं ते समजावून सांगा.

काही दिवस कोणी आलं नाही. ती रोज कुलूप काढायची आणि आधी ते पान उघडायची. मग एका संध्याकाळी उत्तर आलं. लिहिणाऱ्या होत्या सुमित्राबाई, लांबच्या कुठल्याशा गावच्या, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. त्यांनी आरोप केला नाही आणि मायाही दाखवली नाही. त्यांनी प्रश्न विचारले. कोण कोण आलं होतं? सगळ्यांचं वाक्य एकच कसं? अल्काताईनं ग्रामसभेची रीत सांगितली, रत्नपालनं घालून दिलेलं वाक्य सांगितलं, काही लपवलं नाही. त्यावर सुमित्राबाईंनी जे लिहिलं ते मी अजून विसरलो नाही.

"मी नोकरीत होते तेव्हा कित्येक गावांना एकच फोन असायचा. अख्खं गाव त्यावरून बोलायचं. नंबर एक म्हणून माणूस एक, असं मी कधी धरलं नाही. तुमची खाती उघडावीत असं मी ती बंद करणाऱ्यांना सांगते. पण ताई, इथे हात वर करून लेख टिकत नाही. छापलेला पुरावा लागतो. बाबांची आठवण कितीही खरी असली तरी आम्हाला ती लेखात घेता येत नाही."

अल्काताईनं हे बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी मान हलवली. ते म्हणाले की बाई खरं बोलून राहिली, गोड बोलून फसवून नाही राहिली.

मग शोध सुरू झाला. कुठे पाहायचं, कोणाला विचारायचं, सापडलेला संदर्भ कसा नोंदवायचा, हे सुमित्राबाई एकेक करून शिकवत गेल्या. अल्काताई चुकायची, त्या न कंटाळता पुन्हा सांगायच्या. त्यांनी तिला ज्ञानकोशातल्या धूळपाटी नावाच्या पानावर सराव करायला लावला, जिथे चुकलं तरी कोणाचं बिघडत नाही. भाताची कापणी आटोपल्यावर अल्काताई गोंदियाच्या एका वाचनालयात जाऊन बसली. हाती लागलं एवढंच: जिल्ह्यातल्या जलशांवरच्या एका जुन्या पुस्तकात खैरटोल्याच्या जलशाबद्दल दोन वाक्यं.

दोन वाक्यांवर वेगळा लेख उभा राहत नाही. तो वगळला गेला. गावाच्या लेखात मात्र जलशाची ती दोन वाक्यं गेली, खाली पुस्तकाचं नाव लागलं, आणि ती आजवर कोणी हलवलेली नाहीत. बाबांनी ती वाचली. मंगरूचं नाव त्यात नव्हतं. "मंगरू राह्यला," एवढंच ते म्हणाले. त्यांना झालेलं दुःख कोणाला भरून काढता आलं नाही, आणि मी ते भरून निघालं असं सांगणारही नाही.

खाती मात्र शोध सुरू झाला तेव्हाच उघडली होती. देवाजीबाबांच्या पानावरचा बनावट असल्याचा शिक्का निघाला आणि त्या जागी सुमित्राबाईंनी लिहिलं: "नमस्कार, देवाजीबाबा. हे खाते एका खऱ्या व्यक्तीचे आहे. आमच्याकडून चूक झाली, क्षमा असावी." अल्काताई उत्तर टंकायला बसली, तर बाबांनी तिचा हात बाजूला केला. म्हणाले, मले लिवलं तिनं, मीच सांगीन.

पुढे अल्काताई स्वतः 'मदत हवी' अशी खूण केलेल्या पानांवर जाऊ लागली. कोणी जवळच्या बिरसी गावचा, कोणी लांबच्या जिल्ह्यातला, पहिल्याच चुकीनं घाबरून गेलेला. ती आधी विचारायची, मग सांगायची. बाबा २०१४ साली गेले. मीही आता चालू होत नाही. पंखा थांबला, पडदा काळा पडला, आणि वाचनालयाच्या कोपऱ्यात माझ्यावर पुस्तकांचे गठ्ठे ठेवतात. माझं काही म्हणणं नाही. मला पुसा, जपा, असंही मी सांगत नाही. एकच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्यासमोर कोणी चुकलेला, अडलेला आला आणि तुम्हाला तो लबाड वाटला, तर दार लावण्याआधी त्याला एकदा विचारा, की बाबा, तू कोण? त्याला सांगायला वेळ लागेल, तेवढा थांबा.

देवाजीबाबांनाही वेळ लागला होता. त्या संध्याकाळी त्यांनी एका बोटानं, अक्षर शोधून शोधून, सुमित्राबाईंच्या नमस्काराखाली आपलं उत्तर टंकलं. ते त्या पानावर अजून आहे, कोणीही जाऊन वाचावं:

"मी देवाजी आहो. मी गायलो होतो."