खाकी कव्हरातली पुस्तकं

माझ्याकडून नेलेलं पुस्तक आसाराम नेहमी नवं खाकी कव्हर घालून परत करायचा. कोपरे नीट दुमडून, आतून खळ लावून. मला भरून यायचं. श्रीरामपुरात माझ्या पुस्तकांची एवढी कदर दुसऱ्या कुणाला नव्हती. कव्हर मळू नये म्हणून मी ती न उघडता कपाटात ठेवायचो. पाठच होती मला.

परवा त्याच्या पंचाहत्तरीच्या सत्काराला, फीत कापून, त्यानं लिहिलेला गावाचा इतिहास मांडला होता. मूळ पुस्तक बारीक. चित्रं चिकटवून चिकटवून उशीएवढं झालेलं. मी कौतुकानं चाळत होतो आणि वाफेचं इंजिन दिसलं. कोपऱ्यावर हळदीचा अंगठा.

माझ्या बायकोला, बनुबाईला, वाचता येत नव्हतं. स्वयंपाक करता करता ती माझ्या पुस्तकांतली चित्रं बघायची. ती गेल्यावर तिच्या हाताची तेवढीच खूण उरली होती.

आधी वाटलं, आपलंच चुकत असेल. हळद काय, कुठल्याही घरात असते. पण पुढच्या चित्राच्या कडेला माझ्याच अक्षरातली पेन्सिलीची टीप होती.

तेवढ्यात माईकवरून माझं नाव पुकारलं. दोन शब्द बोला म्हणाले.

"इंग्रजीत एक क्रियापद आहे," मी चाचरत म्हणालो, "ग्रेंजराइज. एका पाद्र्याच्या आडनावावरून आलेलं. त्यानं थोरामोठ्यांच्या चरित्रांचं पुस्तक लिहिलं, पण त्यात चित्रं नव्हती. ती चिकटवायची म्हणून लोकांनी दुसरी पुस्तकं कापली. त्या कापाकापीला हे नाव पडलं."

आसाराम मान खाली घालेल असं वाटलं होतं. त्यानंच पहिल्या टाळ्या वाजवल्या. "ऐका! आपल्या छंदाला इंग्रजीत नाव हाय!"

खाली उतरल्यावर मी त्याला इंजिन दाखवलं. "हे माझ्या पुस्तकातलं."

"व्हय. बरीच तुजीच हायेत."

"विचारलं नाहीस."

"तू उघडतोस कुठं? कव्हर दिसलं की गेलं कपाटात. म्हनून तर घालायचो."

"हे एवढं दे. बनुचा अंगठा आहे त्यावर."

"खळ बसलीय, मास्तर. सोडवाया गेलं तर फाटंल."

फीत कापलेली कात्री शेजारच्या ताटात होती. मी ती उचलली, पान धरलं. हात पुढे जाईना. पुस्तक होतं ते, त्याचं असलं तरी.

"काप की," आसाराम म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता पुढच्या पाहुण्याशी बोलायला लागला.