आर्चाचा धूर आणि रक्ताची वेबसाइट

अख्खं ऑफिस तळवे पसरून उभं होतं आणि नजर उतरवणारा तुर्गुनबाय बाबा कॉम्प्युटरभोवती आर्चाच्या, म्हणजे पवित्र मानल्या जाणाऱ्या ज्युनिपर झाडाच्या, जळत्या फांद्या फिरवत मंत्र म्हणत होता. "अलास, अलास! मशीनला नजर लागलीय!" बिश्केकमधली आमची रक्तदात्यांची वेबसाइट मागच्या महिन्यात अशीच बंद पडली होती. तेव्हा त्याच्या धुरानं ती उठली, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं, पण डोकं गहाण ठेवलं नव्हतं.

आज साइट उठेना. माझ्या फोनवर प्रसूतिगृहाची डॉक्टर ओरडत होती, "ओ निगेटिव्ह दाता सांगा, बाई हातची जातेय!" दात्यांची सगळी नावं त्या बंद साइटमध्ये अडकलेली.

"सगळं पुसा, नव्यानं बसवा!" बाबा गरजला. आमचे साहेब एर्मेक बैके, म्हणजे एर्मेकदादा, लगेच तयार. नावांची यादी तेवढी राखून सगळं नव्यानं बसवलं. पुन्हा बंद.

"इथे कोणीतरी अश्रद्ध आहे." बाबानं आमच्या प्रोग्रामर नुर्झातकडे बोट केलं. "हिला बाहेर काढा!"

"काढा, पण आधी हे बघा, बैके. माझ्या लॅपटॉपवर हीच साइट चालतेय. यातली नावं चाचणीपुरती टाकलेली, खोटी आहेत, पण चालतेय. धुराशिवाय."

"लॅपटॉप पवित्र असेल!"

"पवित्र नाही, त्यावरची साइट जुनी बसवलेली आहे हो! आपली साइट दुसऱ्यांनी लिहिलेल्या तुकड्यांवर उभी आहे. इथली साइट रोज रात्री आपोआप नव्यानं बसते आणि दर वेळी प्रत्येक तुकडा त्या दिवशीचा ताजा येतो. त्यातला एक बिघडलेला आलाय. मागच्या वेळीही असंच झालं, तेव्हा बिघडलेला तुकडा तो बनवणाऱ्यांनीच दुरुस्त केला, नेमकं तेव्हाच यांनी धूर केला."

बैके घुटमळले. मी संतापून फोन स्पीकरवर टाकला. "अहो, कोणी आहे का तिथे?" डॉक्टरचा आवाज खोलीभर झाला. बैकेंनी कॉम्प्युटरपुढची खुर्ची नुर्झातकडे सरकवली.

नुर्झातनं लॅपटॉपवरच्या तुकड्यांच्या आवृत्त्या जशाच्या तशा कुलूपबंद केल्या, म्हणजे ताजे तुकडे आपोआप येणार नाहीत, आणि त्याच बसवल्या. साइट उठली. मी फोन लावलेला पहिलाच दाता म्हणाला, "निघालो!" रक्त चढवलं, बाई वाचली, असा डॉक्टरचा फोन आला.

"माझा धूर जरा उशिरा चढतो," बाबा म्हणाला.

नुर्झातनं सरावासाठी ठेवलेल्या वेगळ्या मशीनवर कुलूप न लावता साइट नव्यानं बसवली. बंद. "आता फुंका." बाबा फुंकून फुंकून खोकला, साइट काही हलेना. तिनं कुलूप लावून पुन्हा बसवली. चालू!

बाबांनो, मशीन रुसलं की एवढंच विचारा: काल चालत होतं, मग आज काय बदललं? आम्ही आधी धूर केला. तो वेळ आमचा नव्हता, त्या बाईचा होता.